हजार फुटांच्या आसपास

अवोन्डेल, ऑकलंड
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय देवू,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुला कुणीतरी गेलं असं वाटेल. तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत. रवींद्रची पाठ नेहमीसारखी कुरकुरते. फार्मसीत नवी मुलगी लागली आहे, ती गोळ्या मोजताना गाणं गुणगुणते आणि मला त्याचा फार राग येतो, कारण गुणगुणूनही तिचं मोजणं चुकत नाही. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. गेल्या आठवड्यात तीनदा फोन केलाही, आणि तिन्ही वेळा तू इतक्या तावातावाने बोलत होतास की मी नुसतं हं हं करत राहिले. शनिवारी क्लबची कमिटी बसते आहे. तुझं सभासदत्व राहतं की जातं ते त्या दिवशी ठरेल, आणि ते गेलं की पिस्तुलाचा परवानाही गेला, हे तुला मी सांगायला नको. म्हणून पहिली गोष्ट पहिल्यांदा लिहिते. तुझ्या काडतुसांत काहीही खोट नव्हती. खोट माझ्या क्रोनोग्राफमध्ये होती. ती कशी सापडली ते सांगते, पण क्रमाने सांगू दे. लहानपणी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायचास, तसं या पत्राचं करू नकोस.

तुला आठवतं का, ती क्रोनोग्राफची डबी तूच मला पन्नासाव्या वाढदिवसाला दिलीस. रवींद्र म्हणाला होता, लोक बायकांना कानातलं देतात, तुझा भाऊ गोळीचा वेग मोजायचं यंत्र देतो. मी मात्र खूश झाले होते. रेंजवर तिपाईवर ती लावून तू मला समजावलं होतंस की डबीला दोन डोळे आहेत, एकमेकांपासून एका फुटावर. गोळी वरून जाते, तिची सावली पहिल्या डोळ्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद, आणि त्यावरून सेकंदाला किती फूट ते समोर उमटतं. तेव्हापासून आपली वाटणी ठरली. काडतुसं तुझ्या गॅरेजमध्ये तू भरायची, दोघांसाठी, आणि वेग मी मोजायचा. तुझी काडतुसं हजार फुटांच्या आसपास यायची, दहा इकडे, दहा तिकडे. माझ्या वहीत तीन वर्षांचे आकडे आहेत. त्या वह्या बघून ग्रॅहम एकदा म्हणाला होता की असा दप्तरी कारभार त्याने क्लबचा कॅप्टन म्हणून वीस वर्षांत पाहिला नाही. तू तेव्हा केवढा हसला होतास.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी नव्या पेटीतली काडतुसं मोजायला घेतली. लेबर वीकेंडच्या मॅचला तीनच आठवडे होते. तिथे गोळीचं वजन आणि वेग मिळून जो आकडा येतो तो ठरलेल्या मर्यादेच्या वर नसला तर नेम कितीही लागो, गुण धरतच नाहीत, त्यामुळे मी जरा धास्तीतच होते. पहिली गोळी नऊशे अठ्ठेचाळीस. दुसरी एक हजार एकसष्ट. तिसऱ्या वेळी आकडाच नाही, नुसतं एरर. चौथी नऊशे नव्वद. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. तू शेजारच्या लेनवर होतास, मी तुला हाक मारून दाखवलं, आणि तू कानावरचं मफ न काढताच म्हणालास, ताई, ऊन आहे गं, डबीला चक्कर आली असेल. आणि पुन्हा तुझ्या टार्गेटकडे वळलास. ते मला खटकलं. तीन वर्षांपूर्वीचा देवू सगळं टाकून आला असता.

ऊन होतं हे खरं. म्हणून पुढच्या वेळी मी डबीवरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या झापा लावल्या, म्हणजे डोळ्यांवर सारखा उजेड पडतो. आकडे तसेच. बॅटरी बदलली, तसेच. डबी पिस्तुलाच्या फार जवळ असेल, नळीतून निघणारा धूर आणि न जळलेले कण डोळ्यांसमोरून जात असतील, म्हणून ती दहा फुटांवरून पंधरा फुटांवर नेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची. तिसऱ्या शनिवारी ढग होते, ऊन नाही, तक्रारीला जागा नाही, आणि तरी नऊशे पन्नास ते एक हजार ऐंशी. एवढं सगळं करून झाल्यावर माझ्यासारख्या बाईने काय म्हणावं? यंत्र निर्दोष, मग काडतुसं दोषी. आणि काडतुसं म्हणजे तू.

त्या दिवशी ग्रॅहमने मला विचारलं होतं की दुकानातली, फॅक्टरीची काडतुसं या डबीवरून घालून पाहिलीस का. त्यांचा वेग माहीत असतो, तीही इकडेतिकडे पळाली तर डबी चुकते आहे हे लगेच कळतं. साधी गोष्ट. मी रोज सकाळी फार्मसीत तराजूवर प्रमाणित वजन ठेवते, तराजू बरोबर दाखवतो का बघते, आणि मगच पहिलं औषध मोजते. तीस वर्षं करते आहे. आणि त्या दिवशी मला ग्रॅहमचा राग आला. हा दूध काढून आयुष्य गेलेला माणूस मला मोजायला शिकवतो! मी हसून थँक्स म्हटलं आणि डबी पेटीत भरली. आता विचार करते तेव्हा कळतं की मला ती तपासणी नकोच होती. माझा संशय तोवर चांगला बाळसं धरून बसला होता.

कारण माझ्याकडे पुरावे होते ना! सानिका तुझ्यापासून वेगळी होऊन जुलैमध्ये सिद्धीला घेऊन वेलिंग्टनला गेली तेव्हापासून तू बदललास. जेवायला आलास की अर्धी पोळी ताटात राहायची. सप्टेंबरमध्ये मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मशिनजवळ बसून काडतुसं भरत होतास आणि फोन खांद्यात धरून वकिलाशी बोलत होतास. पावडरच्या डब्याचं झाकण उघडं. मी दाराशी पाच मिनिटं उभी होते, तुला कळलंही नाही. आणखी एक गोष्ट मी पाहिली. पूर्वी तू काडतुसाच्या प्रत्येक पितळी केसमध्ये वाकून टॉर्च मारून बघायचास, पावडर किती आहे ती. त्या दिवशी एकदाही वाकला नाहीस. पावडर जास्त पडली तर पिस्तूल हातात फुटतं, कमी पडली तर गोळी नळीत अडकते आणि मागची येऊन तिच्यावर आदळते. हे तूच मला शिकवलंस. घरी येताना मोटरवेवर सगळा रस्ता मनातल्या मनात बोलत होते.

मग मी काय केलं ते ऐक, आणि हसायचं असेल तर इथे हास, पुढे हसण्यासारखं नाही. तू नंतर भरून दिलेल्या पेटीतली वीस काडतुसं मी एकेक करून उघडली. तो प्लास्टिकचा हातोडा असतो ना, आपटला की गोळी सुटते, तो घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठोकत बसले. रवींद्रला वाटलं नारळ फोडते आहे. वीसच्या वीस केसमधली पावडर वेगवेगळी तोलली. तिळाइतकाही फरक नाही. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मला वाटलं तराजू बिघडला. तराजू तपासला, ठीक. मग वाटलं, त्याला माहीत आहे ताई उघडून बघणार, म्हणून वरच्या थरात चांगली ठेवली असणार. खालच्या थरातली दहा उघडली. तीही तशीच. तेव्हा मी ठरवलं की तू आधीच्या पेट्या बेफिकिरीने भरल्यास, आणि माझ्या चेहऱ्यावरून संशय ओळखून ही पेटी काळजीपूर्वक भरलीस. रवींद्र म्हणाला, अगं, आता त्याने चांगलं काम केलं हाच त्याचा गुन्हा झाला का? मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

अजून एक आहे. ते लिहायला जड जातं आहे. सिद्धीला व्हिडिओ कॉल केला होता, शाळेचं विचारायला म्हणून. इकडचं तिकडचं झाल्यावर मी तिला विचारलं की बाबा फोनवर कसा वाटतो, कधी बोलता बोलता विसरतो का, कधी चिडतो का. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, डॅड इज फाइन, ही'ज जस्ट हीप्स टायर्ड, म्हणजे बरा आहे, फार दमलाय एवढंच. अकरा वर्षांची पोर, आत्याला खरं ते सांगितलं. मी ते तेवढंच लक्षात ठेवलं. पहिला अर्धा भाग सोडून दिला, दुसरा उचलला.

आता परवाच्या रविवारचं. तू रेंजवर यायचा बंद झाल्यापासून मीही जात नव्हते, पण परवान्यासाठी वर्षाचे ठरलेले दिवस भरायचे म्हणून गेले. ऑकलंडबाहेरच्या बॉम्बे हिल्स ओलांडल्यावर पाऊस थांबला. ग्रॅहम एकटाच शेड झाडत होता. मला बघून म्हणाला, किया ओरा कौमुदी, तुझी ती डबी आणली आहेस का? त्याने स्वतःची डबी काढली, माझी तिच्यापुढे मांडली, म्हणजे एकच गोळी दोन्हींवरून जाईल, आणि खिशातून दुकानातल्या काडतुसांची बंद पेटी काढून माझ्यासमोर फोडली. दहा गोळ्या झाडल्या. त्याच्या डबीवर सगळे आकडे एका रांगेत शहाण्या मुलांसारखे. माझ्या डबीवर वर, खाली, एरर, वर. मी दोन्ही डब्यांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घेतले.

ग्रॅहम गुडघ्यावर बसला, माझ्या डबीच्या पुढच्या डोळ्याच्या खाचेत त्याने करंगळी घातली आणि बाहेर काढली. करंगळी लाल. दुसऱ्यांदा घातली, पिवळी. तो म्हणाला, हा गंज नाही, पण मग आहे काय? देवू, ते हळदकुंकू होतं. खंडेनवमीला मी पाटावर तुझं दिलेलं ते यंत्र ठेवलं होतं. बाबा कारखान्यात लेथ धुऊन पुसून त्याला गंध लावायचे आणि त्या दिवशी साधा पान्हासुद्धा उचलायचे नाहीत, तसंच मी इकडे करते. पिस्तूल तिजोरीतून काढून पाटावर मांडणं मला बरं वाटत नाही, म्हणून पूजा मोजायच्या वस्तूंची करते. तराजू, व्हर्नियर आणि ती डबी. रविवारच्या बाजारातून झेंडू आणला होता. डबीच्या पुढच्या टोकाला मी गंधाचं बोट लावलं, वर हळदकुंकू वाहिलं. गंधाचा थेंब डोळ्याच्या खाचेत उतरून तिथेच वाळला, त्यावर कुंकू चिकटलं. अर्ध्या झाकल्या डोळ्याला कधी गोळीचं नाक दिसायचं, कधी शेपूट, कधी काहीच नाही. एवढ्याशा फरकाने हजारात पन्नास-साठ फूट मागेपुढे होतात, हे ग्रॅहमने मला तिथेच पुठ्ठ्यावर गणित करून दाखवलं. पहिला चुकीचा आकडा खंडेनवमीनंतरच्या तिसऱ्या दिवशीचा आहे. तारीख माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. मी ऊन पाहिलं, ढग पाहिले, बॅटरी पाहिली, तुझं उष्टं ताट पाहिलं, आणि डबी पुसून पाहिली नाही.

त्या म्हाताऱ्याला मी सगळी पूजा समजावून सांगितली. त्याने टोपी काढून नीट ऐकली. मग म्हणाला, यंत्राचे आभार मानणं चांगलंच, आमच्याकडे ते कुणाला सुचत नाही, फक्त पुढच्या वेळी आधी झाकण लावत जा. मग त्याने विचारलं की तुझ्या भावाला हे कोण सांगणार. मी म्हटलं, मी सांगते. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे झकास, आणि पुन्हा झाडू घेतला. येताना मी तुझ्या गॅरेजला जाऊन आले. किल्ली आहे माझ्याकडे. मशिनच्या वरच्या बाजूला तू छोटा दिवा आणि एक गोल आरसा बसवला आहेस, दाढीचा असावा. स्टुलावर बसल्या बसल्या प्रत्येक केसच्या आतलं दिसतं. मी बसून पाहिलं. म्हणून तू वाकत नव्हतास. विचारलं असतं तर तू कौतुकाने दाखवलं असतंस.

आता राहिलं ते, ज्यासाठी गेले दोन दिवस मी कागद फाडते आहे. तक्रार कुणी केली ते कमिटीने तुला सांगितलं नाही, पण तिच्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, की हा माणूस जुलैपासून धड झोपलेला नाही आणि भरताना कधी कधी आपले हात आपले वाटत नाहीत असं स्वतःच म्हणतो. त्या दोन ओळींमुळे पोलीस घरी येऊन तुझी पिस्तुलं घेऊन गेले. तू मला फोनवर सांगितलंस की हे तू कारखान्यातल्या नितीशखेरीज कुणालाही बोलला नव्हतास, म्हणजे नितीशच. त्याने दोनदा डबा आणून दिला तो तू दारातूनच परत पाठवलास. ‘ते रापा’च्या रस्त्याने कारखान्यात रोज एका गाडीतून जाणारे तुम्ही दोघं, आता वेगवेगळे जाता. शनिवारी सगळ्यांसमोर त्याला जाब विचारणार आहेस. देवू, तू आणखी एकाला सांगितलं होतंस. ऑगस्टमधल्या एका रविवारी, आमच्या स्वयंपाकघरात, मी कणीक मळत होते आणि तू खिडकीकडे तोंड करून बोलत होतास. ताईला सांगितलेलं तू कुणाला सांगितलेलं धरलंच नाहीस. इतके दिवस शोधतो आहेस आणि माझ्याकडे तुझी मान एकदाही वळली नाही. तक्रार मी केली. वीस ऑक्टोबरला, चार पानं, आकड्यांसकट, आणि त्यात सिद्धीचं वाक्यही अर्धं तोडून घातलं. आमच्या कामात काही चुकीचं दिसलं की फॉर्म भरतात, मी तुझा फॉर्म भरला. तुझ्यासमोर बसून विचारण्याची माझी छाती झाली नाही. काल कमिटीला सगळं खरं लिहून पाठवलं आहे, ग्रॅहमची सही घेऊन, आणि शनिवारी माझं नाव तिथे मी स्वतः घेईन. तू मला माफ कर असं लिहिणार होते, ते खोडलं. हे पत्र टपालावर न सोपवता आज मीच तुझ्या लेटरबॉक्समध्ये टाकून जाते आहे, कारण आज संध्याकाळी नितीश घरी असतो. माझ्याशी बोलायचं की नाही ते मागाहून ठरव, आधी त्याला फोन कर.

तुझीच म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
कौमुदीताई